पहिले पेड कोलॅब: छोट्या क्रिएटरने प्लॅटफॉर्म कसा शोधावा आणि कसा पारखावा

दोन-चार हजार फॉलोअर्स झाले की बहुतेक क्रिएटर एकच गोष्ट करतात. पेड कोलॅब, म्हणजे ब्रँडकडून मोबदला घेऊन करायचे काम, देणाऱ्या ॲपची एखादी यादी मिळवतात, एका संध्याकाळी त्यातल्या दहा-बारा ठिकाणी नाव नोंदवतात आणि मग महिनाभर इनबॉक्स उघडून पाहत राहतात. काम येत नाही, तेव्हा आपले फॉलोअर्स कमी पडले असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. खरे कारण बहुधा दुसरेच असते. अशा प्लॅटफॉर्मचा ग्राहक क्रिएटर नसतो, ब्रँड असतो. आणि ब्रँडच्या वतीने तिथे लॉगिन करणाऱ्या माणसासमोर आधी फिल्टर येतात, नावे नंतर. विषय, भाषा, प्रेक्षकांचा देश, वयोगट, फॉलोअर्सचा टप्पा, सरासरी व्ह्यूज अशा पाच-सहा चाळण्यांतून तुमची प्रोफाइल खाली गळते की वर राहते, यावर सुरुवातीचे सारे अवलंबून असते. म्हणून कोणता प्लॅटफॉर्म चांगला, हे विचारण्याआधी तो कोणाच्या पैशावर चालतो आणि तुमच्यापर्यंत पैसा कोणत्या वाटेने येतो, हे पाहावे.

नोंदणीच्या आधी

पहिले काम आपल्याच खात्यावर करायचे आहे. इन्स्टाग्रामवर खाते वैयक्तिक असेल तर ते प्रोफेशनल करून घ्यावे, कारण त्याशिवाय इनसाइट्स, म्हणजे व्ह्यूज आणि प्रेक्षकांचे तपशीलवार आकडे, मिळत नाहीत आणि प्लॅटफॉर्मलाही तुमचे आकडे अधिकृतपणे वाचता येत नाहीत. त्यानंतर शेवटच्या बारा रील्सचे किंवा व्हिडिओंचे व्ह्यूज एका कागदावर लिहून काढावेत आणि सरासरीऐवजी मधली संख्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मध्यभागी येणारी संख्या, पाहावी. समजा, बारापैकी अकरा रील्सना १,८०० ते २,६०० व्ह्यूज आहेत आणि एक रील कशीतरी उसळून ९०,००० वर गेली आहे. सरासरी काढली तर ती साडेनऊ हजारांच्या आसपास येते, पण पुढच्या रीलला साडेनऊ हजार व्ह्यूज मिळणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक असते. मधली संख्या बावीसशेच्या आगेमागे येईल, आणि ब्रँडला सांगण्याजोगी संख्या तीच. फुगवलेली सरासरी सांगून काम मिळवले, तर ते काम त्या ब्रँडकडचे शेवटचे ठरण्याची शक्यता मोठी असते.

एन्गेजमेंटचा दर, म्हणजे पोस्टला किती टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, हे काढणे अवघड नाही. चार हजार फॉलोअर्स असलेल्या खात्यावरील एका पोस्टला १८० लाइक, १४ कमेंट आणि २६ सेव्ह-शेअर मिळाले, तर एकूण २२० होतात आणि दर साडेपाच टक्के येतो. मात्र काही ठिकाणी हाच दर फॉलोअर्सऐवजी पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली त्यावर काढतात, त्यामुळे दर सांगताना तो कशाच्या प्रमाणात काढला आहे हेही सांगावे. प्रेक्षक कोणत्या देशांतले आणि कोणत्या वयाचे आहेत, याचे स्क्रीनशॉट याच वेळी काढून ठेवावेत. प्लॅटफॉर्मच्या अर्जात हे हमखास विचारतात आणि घाईत शोधताना सापडत नाही.

प्लॅटफॉर्मचे प्रकार

एकाच यादीत दिसणारी ही नावे प्रत्यक्षात निरनिराळ्या धंद्यांची असतात. तो फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो.

सगळ्यात आधी पाहावी ती सोशल मीडिया कंपन्यांची स्वतःची व्यवस्था. गुगलने २०१६ मध्ये फेमबिट ही क्रिएटर आणि ब्रँड यांना जोडणारी कंपनी विकत घेतली आणि २०२० मध्ये तिचे नाव यूट्यूब ब्रँडकनेक्ट असे केले. इन्स्टाग्रामने क्रिएटर मार्केटप्लेस २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू केले आणि २०२४ मध्ये कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, भारत व ब्राझील या देशांत नेले. टिकटॉकचे क्रिएटर मार्केटप्लेस पुढे टिकटॉक वन या नावाखाली गेले. ही नावे सारखी बदलतात, म्हणून नावाच्या मागे न लागता आपल्या ॲपच्या प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये किंवा यूट्यूब स्टुडिओच्या कमाईच्या भागात जाऊन तो पर्याय आपल्या खात्याला दिसतो का, एवढे तपासावे. या व्यवस्थांचा मोठा फायदा असा की ब्रँडला तुमचे आकडे थेट मूळ कंपनीकडून दिसतात आणि त्यांच्या खरेपणाबद्दल वाद उरत नाही. अडचण पात्रतेची असते. देश, वय, फॉलोअर्स, खात्याचा पूर्वेतिहास अशा अटी असतात, आणि यूट्यूबवर तर आधी पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे यूट्यूबच्या कमाईच्या कार्यक्रमात, असावे लागते. पात्रता नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, रोज पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार खुल्या बाजारांचा. कोलॅबस्टरसारख्या ठिकाणी क्रिएटर स्वतःचे पॅकेज आणि दर मांडतो, ब्रँड आगाऊ पैसे भरतो आणि काम पूर्ण होईपर्यंत ते प्लॅटफॉर्मकडे राहतात. ट्राइबसारख्या ठिकाणी उलट क्रम असतो: ब्रँड आपला ब्रीफ, म्हणजे हव्या असलेल्या कामाचे वर्णन, टाकतो आणि क्रिएटर त्यावर आपली कल्पना व आपला दर पाठवतात. छोट्या क्रिएटरला सुरुवात करायला हा प्रकार सोयीचा आहे, कारण इथे ब्रँड तुम्हाला शोधेपर्यंत थांबावे लागत नाही.

तिसरा प्रकार नवख्यांना सर्वांत जास्त चकवतो. ग्रिन, अस्पायर, अपफ्लुएन्स, क्रिएटरआयक्यू, मोडॅश ही नावे प्रत्येक यादीत असतात, पण ही मुळात ब्रँडनी वर्गणी भरून वापरायची सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी काहींमध्ये क्रिएटरला खाते उघडता येते, परंतु तिथे जाण्याची खरी वाट म्हणजे ब्रँडच्याच संकेतस्थळावर तळाशी असलेला ॲम्बेसेडर किंवा क्रिएटर प्रोग्रॅमचा दुवा. तो अर्ज भरला की तुमची नोंद त्या ब्रँडच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. मोडॅशसारखे सॉफ्टवेअर तर सार्वजनिक खात्यांची माहिती स्वतःच गोळा करते आणि तुम्ही नोंदणी केलेली नसतानाही ब्रँडला तुमचे नाव दाखवू शकते. त्यामुळे बायोमध्ये विषय स्पष्ट लिहिलेला असणे आणि कामाचा ईमेल उघड दिसणे, ही कितीतरी ठिकाणी नाव नोंदवण्यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट आहे.

ॲफिलिएट म्हणजे विक्रीवर कमिशन. ॲमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, इन्फ्लुएन्सर कार्यक्रम २०१७ मध्ये आला. अविन, सीजे, इम्पॅक्ट डॉट कॉम ही अनेक ब्रँडना एकत्र आणणारी जाळी आहेत आणि २०११ मध्ये रिवॉर्डस्टाइल या नावाने सुरू झालेले एलटीके हे मुख्यतः फॅशन व घरसजावटीच्या क्रिएटरांचे. यातून लगेच मोठी कमाई होईल असे समजू नये. पण तुमच्या एका दुव्यावरून अठरा जणांनी वस्तू घेतली, असा पुरावा पुढच्या ब्रँडसमोर ठेवता आला, तर फॉलोअर्सच्या आकड्याचे महत्त्व एकदम कमी होते.

आणि यूजीसी, म्हणजे यूजर-जनरेटेड कंटेंट. बिलो, इनसेन्स अशा ठिकाणी ब्रँड तुमच्याकडून व्हिडिओ बनवून घेतो आणि स्वतःच्या खात्यावरून किंवा जाहिरातीत चालवतो. तुमच्या खात्यावर काहीच टाकायचे नसते, म्हणून फॉलोअर्सचा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्यासमोर सहज बोलता येणे आणि व्हिडिओ स्वच्छ कापता येणे पुरते. कमी फॉलोअर्स असलेल्या पण हात चांगला असलेल्या माणसाने माझ्या मते इथूनच सुरुवात करावी.

सुरुवातीला एकूण तीनच ठिकाणे धरावीत: आपल्या ॲपची स्वतःची व्यवस्था, एक खुला बाजार आणि एक ॲफिलिएट किंवा यूजीसीचे ठिकाण. दहा अर्धवट प्रोफाइलपेक्षा तीन पूर्ण प्रोफाइल सांभाळणे सोपे जाते.

खाते जोडण्याआधीची तपासणी

क्रिएटरकडून नोंदणी शुल्क मागणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे संशयानेच पाहावे. काही प्रतिष्ठित ठिकाणी जादा सुविधांसाठी वर्गणी असते, पण नुसते काम दाखवण्यासाठी आधी पैसे घेणाऱ्याची कमाई तुमच्या नोंदणीतून होत असते, तुम्हाला मिळणाऱ्या कामातून नव्हे, आणि तेवढ्यावरून त्याला तुमच्या कामाची किती काळजी असेल ते कळते. दुसरे पाहायचे ते खाते जोडण्याची पद्धत. योग्य पद्धतीत तुम्हाला इन्स्टाग्रामच्या किंवा गुगलच्या स्वतःच्या पानावर नेले जाते आणि तिथे तुम्ही मर्यादित परवानगी देता. प्लॅटफॉर्मच्या फॉर्ममध्ये थेट पासवर्ड मागितला असेल तर ते पान बंद करावे.

मग पैशाचे तपशील. मोबदल्यातून कमिशन किती कापले जाते, पैसे आधीच जमा होतात की काम झाल्यावर ब्रँडकडून मागावे लागतात, काम मंजूर झाल्यानंतर किती दिवसांनी काढता येतात, किमान किती रक्कम झाल्याशिवाय काढता येत नाहीत आणि परकीय चलनातून बदलताना कोण किती कापतो, हे पाच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मदत विभागात सापडली नाहीत तर ईमेल करून विचारावीत. उत्तर यायला किती वेळ लागतो, यावरूनही पुष्कळ समजते. शेवटी उघड्या कॅम्पेनच्या तारखा पाहाव्यात. सगळी कॅम्पेन महिन्यापूर्वीच बंद झालेली असतील, तर ते दुकान उघडे दिसते एवढेच.

प्रोफाइल आणि अर्ज

बायोमध्ये "लाइफस्टाइल, प्रवास, फॅशन, मोटिव्हेशन, कोलॅबसाठी डीएम करा" असे लिहिणारी व्यक्ती एकाही फिल्टरमध्ये नीट बसत नाही. त्याऐवजी "कुंडीतले बागकाम, नवख्यांसाठी, मराठीतून, आठवड्याला दोन रील्स" असे लिहिले तर विषय, प्रेक्षक, भाषा आणि सातत्य या चारही गोष्टी एका ओळीत येतात. प्लॅटफॉर्मवर विषयाचे पर्याय निवडतानाही दोनच निवडावेत. सगळ्यांवर खूण केल्याने संधी वाढत नाही, उलट ब्रँडला तुम्ही नेमके कशाचे हे समजत नाही.

पूर्वीच्या ब्रँडची कामे नसली तरी नमुने हवेतच. स्वतः विकत घेतलेल्या आणि खरोखर वापरात असलेल्या दोन-तीन वस्तूंवर नमुना व्हिडिओ करून प्रोफाइलला जोडावेत. मात्र ते प्रायोजित असल्याचा आव आणू नये. मीडिया किट, म्हणजे ब्रँडला पाठवायची स्वतःची ओळख, एका पानात बसावे: विषय, प्रेक्षक, व्ह्यूजची मधली संख्या, तीन नमुने, संपर्क.

अर्ज लिहिताना बहुतेक जण "मला तुमच्या ब्रँडसोबत काम करायला आवडेल" या वाक्यावर थांबतात. ते वाक्य त्या दिवशी पन्नास जणांनी पाठवलेले असते. समजा, ब्रँड आपोआप पाणी देणाऱ्या कुंड्या विकतो. मग अर्ज असा असावा: "माझ्या बागकामाच्या रील्सखाली सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे गावाला गेल्यावर झाडांचे काय करायचे. तुमच्या कुंडीत एक रोप आणि साध्या कुंडीत एक रोप, दहा दिवस कुलूपबंद घरात, असे दाखवणारी ४० सेकंदांची रील मी सुचवते. माझ्या अलीकडील बारा रील्सच्या व्ह्यूजची मधली संख्या २,२०० आहे. अशाच तुलनेच्या रीलचा दुवा जोडला आहे." एवढे पुरे. यात ब्रँडला व्हिडिओ डोळ्यासमोर दिसतो आणि प्रश्न प्रेक्षकांकडून आलेला आहे हेही कळते.

प्रस्ताव वाचताना

काम मिळाल्याच्या आनंदात सर्वांत महागडी चूक याच टप्प्यावर होते. मलाही ती नडली आहे. माझ्या पहिल्याच करारात, ज्या कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही, एका मोफत वस्तूच्या बदल्यात एक रील असे ठरले होते. खाली बारीक अक्षरांत "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी वापराचा हक्क" असे लिहिलेले होते आणि मी ते वाचूनही त्यावरून पुढे गेले. पुढे माझा चेहरा त्यांच्या जाहिरातीत वर्षभर फिरत राहिला. तक्रार करायला जागा नव्हती, कारण सही माझीच होती.

प्रस्तावात निदान चार गोष्टी वेगवेगळ्या करून वाचाव्यात, कारण त्या चारही वेगळ्या विकल्या जातात. पहिली, काम: किती रील्स, किती स्टोरी, किती सेकंद, किती वेळा दुरुस्ती. दुरुस्तीच्या फेऱ्यांची संख्या लिहिलेली नसेल तर ती दोन अशी आपणच लिहून पाठवावी. दुसरी, वापराचा हक्क: ब्रँड तो व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर टाकणार का, जाहिरात म्हणून चालवणार का, आणि किती दिवस. तिसरी, तुमच्या खात्याच्या नावाने जाहिरात चालवण्याची परवानगी, जिला इन्स्टाग्रामवर पार्टनरशिप ॲड म्हणतात. यात लोकांना ती जाहिरात तुमच्याकडून आल्यासारखी दिसते, म्हणून तिचा दर निराळा. चौथी, एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे ठरावीक काळ प्रतिस्पर्धी ब्रँडचे काम न करण्याची अट. ही अट फुकटात देऊ नये आणि प्रतिस्पर्धी कोण हे नावांसह लिहून घ्यावे, नाहीतर "बागकामाशी संबंधित कोणतीही वस्तू" अशा शब्दांत तुमचा सगळा विषयच तीन महिने बंद होतो.

दर ठरवण्याचा सर्वमान्य तक्ता नाही. मी उलट्या बाजूने जाते. कल्पना, चित्रीकरण, संपादन, पत्रव्यवहार आणि दुरुस्ती यांचे तास मोजते, तासाचा स्वतःचा दर लावते, प्लॅटफॉर्मचे कमिशन त्यात मिळवते आणि ही रक्कम १०० धरते. त्यावर ब्रँडने आपल्या खात्यावर महिनाभर वापरण्यासाठी २०, जाहिरातीत चालवायचे असेल तर महिन्याला आणखी ३०, एक्सक्लुझिव्हिटीच्या प्रत्येक महिन्याला २५, असा माझा हिशेब असतो. हे आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे ठरवावेत. पण रक्कम तोडून मांडण्याची पद्धत सोडू नये. ब्रँडने घासाघीस केली, तर याच मांडणीमुळे मूळ मोबदला तसाच ठेवून एखादा हक्क काढून टाकता येतो.

बार्टर, म्हणजे पैशांऐवजी वस्तू, हे कधीच स्वीकारू नये असे मी म्हणणार नाही. वस्तू तुम्ही तशीही घेणार होता आणि हक्क फक्त तुमच्या खात्यापुरते असतील, तर पहिल्या एक-दोन कामांना चालते. मात्र बार्टरमध्ये जाहिरातीचा हक्क मागितला की तो पैशांचा व्यवहार झाला, असे शांतपणे सांगावे.

जाहिरात आहे हे सांगणे, आणि संगीत

पैसे घेतले असोत वा नुसती वस्तू, संबंध उघड करावाच लागतो. नियम देशानुसार बदलतात, त्यामुळे आपल्या देशाचे व प्रेक्षकांच्या देशाचे दोन्ही पाहावेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका अशी आहे की व्हिडिओतील शिफारशीचा खुलासा व्हिडिओतच हवा, केवळ खालच्या मजकुरात नको, आणि ॲपचे तयार लेबल लावले म्हणजे पुरेसे झाले असे गृहीत धरू नये. सुरुवातीच्या काही सेकंदांत तोंडाने आणि अक्षरांत सांगणे, शिवाय इन्स्टाग्रामचे पेड पार्टनरशिप लेबल किंवा यूट्यूबवरील सशुल्क जाहिरातीची खूण लावणे, ही सवय बहुतेक ठिकाणी चालून जाते. ब्रँडने खुलासा टाळायला सांगितला तर काम सोडावे.

संगीताकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. रीलमध्ये एरवी चालणारे लोकप्रिय गाणे व्यावसायिक कामात चालत नाही, कारण त्या गाण्याचा परवाना वैयक्तिक वापरापुरता असतो. मेटाचे साउंड कलेक्शन आणि टिकटॉकची कमर्शियल म्युझिक लायब्ररी अशा कामांसाठीच आहेत. आवाज चित्रीकरणाआधी निवडावा, म्हणजे नंतर संपादन पुन्हा करावे लागत नाही.

खोटे प्रस्ताव

प्लॅटफॉर्मवर तुमचा ईमेल दिसू लागला की खऱ्यांबरोबर खोटेही येतात. गुगलच्या थ्रेट ॲनालिसिस ग्रुपने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले होते की २०१९ च्या अखेरीपासून यूट्यूबरना लक्ष्य करणाऱ्या टोळ्या अँटिव्हायरस, व्हीपीएन, फोटो संपादन किंवा ऑनलाइन गेमच्या जाहिरातीचा बनावट प्रस्ताव पाठवत, सॉफ्टवेअर तपासायला डाउनलोड करायला लावत आणि त्यातून ब्राउझरमधील कुकी, म्हणजे तुमचे लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद, चोरून चॅनेल ताब्यात घेत. कुकी चोरीला गेली की दुहेरी पडताळणीचाही उपयोग होत नाही, कारण चोर तुमच्या आधीच उघडलेल्या लॉगिनमध्येच शिरतो. म्हणून ब्रीफ म्हणून आलेली झिप किंवा चालवता येणारी फाइल उघडू नये, पीडीएफ किंवा ऑनलाइन दस्तऐवज मागावा, आणि पाठवणाऱ्याच्या ईमेलचा पत्ता ब्रँडच्या संकेतस्थळाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. शंका असेल तर ब्रँडच्या संकेतस्थळावरील संपर्कावर स्वतः लिहून विचारावे, आलेल्या ईमेलला उत्तर देऊन नव्हे. वस्तू पाठवण्याचा खर्च तुमच्याकडून मागणे, जास्तीची रक्कम पाठवून उरलेली परत मागणे, ही जुनीच वाट आहे.

काम झाल्यावर

प्लॅटफॉर्म पैसे सांभाळत नसेल तर इनव्हॉइस त्याच दिवशी पाठवावे आणि त्यावर देयकाची मुदत लिहावी. तीस ते साठ दिवसांची मुदत या धंद्यात सामान्य आहे, म्हणून त्या पैशांवर लगेचचा खर्च बेतू नये. एका साध्या तक्त्यात ब्रँड, तारीख, लागलेले तास, ठरलेली रक्कम, हातात आलेली रक्कम आणि हक्कांची मुदत संपण्याची तारीख लिहीत जावे. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, पण हक्काची मुदत संपल्यावरही जाहिरात चालू दिसली तर त्याच रकान्याच्या आधारे मुदतवाढीचा मोबदला मागता येतो.

पोस्ट टाकल्यावर सात दिवसांनी आणि तीस दिवसांनी इनसाइट्सचे स्क्रीनशॉट, दोन ओळींच्या निरीक्षणासह, ब्रँडकडे न मागता पाठवावेत. दुसरे काम बहुधा याच ईमेलच्या उत्तरात येते. ते आले, तर आधी प्लॅटफॉर्मच्या अटी पुन्हा उघडून पाहाव्यात: तिथे ओळख झालेल्या ब्रँडशी ठरावीक काळ बाहेर व्यवहार करू नये, अशी अट अनेक ठिकाणी असते, आणि ती मोडल्यास खाते बंद होऊ शकते.